एकच इंजिन, वेगवेगळे घोडे

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतून लोखंडी सळ्या भरून ट्रक निघतो, तेव्हा त्याच्या इंजिनाची ताकद एका आकड्यात सांगितली जाते: इतके एच.पी. तेच इंजिन जर्मन माहितीपत्रकात किंचित बलवान दिसते आणि जुन्या अमेरिकी पद्धतीने मोजले तर बरेच अधिक. सिलिंडर तेच, डिझेल तेच. मग घोडे वाढले कुठून? हा धागा त्याविषयी.

सुरुवात जेम्स वॉटपासून करावी लागते. खाणीतले पाणी उपसणाऱ्या जुन्या इंजिनाच्या जागी वॉटचे इंजिन बसले, की वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा तिसरा हिस्सा तो घेत असे. पण ज्या गिरणीत आधी इंजिनच नव्हते, घोडे होते, तिथे कोळसा वाचणार कसा? म्हणून १७८० च्या दशकात त्याने घोड्याच्या कामाचाच दर ठरवला: एका मिनिटात ३३,००० पौंड वजन एक फूट उचलणे. म्हणजे आजचे सुमारे ७४६ वॅट. हे माप विक्रीच्या गरजेतून जन्मले, हे विसरू नये.

गंमत अशी, की मराठवाड्याच्या विहिरीवर पाणी ओढणारा प्राणी घोडा नव्हताच. मोट ओढत ते बैल. तरीही ऑइल इंजिन आले ते ‘पाच घोड्यांचे’ म्हणून, आणि बैलांचे काम घोड्यांच्या नावावर जमा झाले.

युरोप खंडात मेट्रिक मापे रुजल्यावर तिथे घोडाही नवा आला: सेकंदाला ७५ किलो वजन एक मीटर उचलणारा, ७३५.५ वॅटचा. जर्मन भाषेत तो ‘पी.एस.’. ब्रिटिश घोड्यापेक्षा तो सुमारे दीड टक्क्याने दुबळा, म्हणून त्याच इंजिनात तो संख्येने जास्त भरतो. १९५४ मध्ये टेल्कोने डाइमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. हा करार १९६९ पर्यंत चालला. जर्मन कारखान्याचे १०० पी.एस. ब्रिटिश हिशेबात मांडले, तर ९८.६ एच.पी. होतात.

पण दीड टक्का ही किरकोळ बाब. खरी तफावत मोजण्याच्या रीतीत होती. अमेरिकेत पूर्वी ‘ग्रॉस’ शक्ती छापत. इंजिन चाचणीच्या बाकावर चढवायचे. पंखा, डायनॅमो, एअर फिल्टर, सायलेन्सर अशी शक्ती खाणारी बरीचशी जोडणी काढून ठेवायची आणि आकडा घ्यायचा. जर्मनीच्या ‘डिन’ मानकात हीच जोडणी लावून ‘नेट’ शक्ती मोजत. अमेरिकी मोटारउद्योग १९७२ च्या सुमारास नेट आकड्यांकडे वळला आणि तिथल्या गाड्यांची ताकद कागदावर एकाएकी घसरली. त्यात इतरही बदल झाले होते, पण घसरणीचा मोठा भाग निव्वळ हिशेबाचा होता.

शिवाय मोजणी कुठल्या हवेत झाली, हेही पाहावे लागते. जुन्या डिन मानकातली हवा समुद्रसपाटीची आणि २० अंशांची. जालना समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंच, आणि मे महिन्यात पारा ४० च्या वर. अशा हवेची घनता त्या मानक हवेपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक कमी भरते. टर्बोचार्जर नसलेल्या जुन्या इंजिनाला तेवढी हवा कमी मिळते. चालकाला घाटात जाणवे ते हेच. पाटीवरचा आकडा मात्र थंड समुद्रकिनाऱ्याचा.

कधी कंपनी मुद्दामच इंजिन वेगळे बसवते. इंधन पंपाची मात्रा आणि फेऱ्यांची कमाल मर्यादा बदलली, की त्याच सिलिंडरांतून कमी-जास्त शक्ती मिळते. इंधनाचा दर्जा, धुराचे नियम आणि ओझे यांनुसार देशोदेशी हे ठरते.

आणि कर! ब्रिटनमध्ये मोटारीचा कराचा घोडा इंजिन न चालवताच मोजत: सिलिंडरच्या व्यासाचा इंचांतला वर्ग, गुणिले सिलिंडरांची संख्या, भागिले अडीच. फोर्डची मॉडेल टी अमेरिकेत २० घोड्यांची; ब्रिटिश कराच्या वहीत ती २२.५ ची ठरली. १९२१ पासून दर घोड्यामागे एक पौंड कर बसला आणि ही गाडी तिथे महागात पडू लागली. ब्रिटिश कारखान्यांनी मग अरुंद सिलिंडर आणि लांब स्ट्रोकची इंजिने घडवली. इथे कराच्या सूत्राने यंत्राचा आकारच बदलला.

जालन्याच्या शेतकऱ्यालाही ही गोष्ट परकी नाही. विनामीटर कृषिपंपाचे बिल एच.पी.वर आकारले जाते. राज्य सरकारने २०२४ मध्ये जाहीर केलेली मोफत विजेची योजनाही ७.५ एच.पी.पर्यंतच्या पंपांसाठीच आहे. मोटारीच्या पाटीवर त्या आकड्याशेजारी ५.५ किलोवॅट असे कोरलेले असते. वॉटच्या घोड्याने भागले तर ५.५ किलोवॅटचे ७.३७ एच.पी. होतात, जर्मन घोड्याने भागले तर ७.४८, म्हणजे जवळजवळ नेमके साडेसात. सवलतीच्या सीमेवर उभ्या असलेल्या या पंपाच्या पाटीवर हिशेब जुळतो तो युरोप खंडातल्या घोड्याशी.