थंड पाण्याची शिल्लक

पावसाळ्यात दिल्लीत राहणाऱ्या माणसाचे लक्ष वर्तमानपत्रातील एका आकड्याकडे असते : जुन्या लोखंडी पुलापाशी यमुनेची पातळी किती? ती २०५.३३ मीटर या धोक्याच्या रेषेखाली असली, की आम्ही तो आकडा विसरून कचेरीची वाट धरतो. नदीची नोंद म्हणजे पुराची सूचना, एवढाच तिचा अर्थ आपणांस ठाऊक. परंतु अशाच रोजच्या नोंदीवर एका माशाचा वंश टिकून राहिला आहे. कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो नदीची ही हकीकत कागदावर आकडे चढविण्यात आयुष्य घालविणाऱ्या आम्हां कारकुनांस तरी विचार करावयास लावणारी आहे.

कलकत्त्यास नेमणूक झालेल्या वाचकांस हिलसा परिचित असेल. तो समुद्रातून गोड्या पाण्यात अंडी घालावयास येतो. सॅक्रामेंटोतील चिनूक सॅमनचे व्रत त्याहून कठोर. नदीत जन्मावे, समुद्रात वाढावे आणि जन्मनदीत परत येऊन, अंडी घालून मरावे. त्यातील एक वंश हिवाळ्यात नदीत शिरतो आणि अंडी घालतो भर उन्हाळ्यात. त्या खोऱ्यातील उन्हाळा आपल्या नागपूरची आठवण करून देणारा. तरीही हा वंश टिकला, कारण तो थेट डोंगरात, झऱ्यांवर पोसलेल्या मॅक्लाउडसारख्या थंड नद्यांपर्यंत चढून जात असे.

१८७२ साली अमेरिकेच्या मत्स्य आयोगाने लिव्हिंग्स्टन स्टोन यांस मॅक्लाउडच्या काठी धाडले. सॅमनची अंडी गोळा करून ती अन्य नद्यांत रुजवावी, हा हेतू. काठावर विन्नेमेम विंटू लोकांची वस्ती होती व त्या केंद्रावर त्यांतील अनेकांनी काम केले. आयोगाच्या जुन्या अहवालांत नदीच्या तापमानाचे तक्तेही आढळतात. म्हणजे मासा विपुल होता तेव्हाही कोणी तरी पारा पाहून आकडा लिहीत होते. मात्र त्या आकड्यावर तेव्हा काही अवलंबून नव्हते.

पुढे १९३८ ते १९४५ या काळात ६०२ फूट उंचीचे शास्ता धरण उभे राहिले. माशांस वर जाण्यास त्यात वाट ठेवली नाही. विन्नेमेम लोकांची गावे व दफनभूमी सरोवराखाली गेली, आणि माशाचे माहेरही तुटले. नवल असे, की धरणाच्या तळातून सुटणाऱ्या गार पाण्यामुळे खालच्या पात्रातच मासा अंडी घालू लागला. डोंगराचे काम आता धरणाच्या दारांकडे आले.

परंतु हा आधार डळमळीत होता. १९६९ साली सुमारे १,१७,००० मासे परतल्याचा अंदाज आहे. १९९०च्या दशकाच्या आरंभी काही वर्षी ही संख्या दोनशेच्याही आत आली. १९९० साली राज्याच्या जलनियंत्रण मंडळाने पाणी ५६ अंश फॅरनहाइटच्या वर जाऊ नये असा दंडक घातला. १९९४ साली केंद्रीय कायद्याने हा वंश संकटग्रस्त ठरला. १९९७ साली धरणास मोठी झडपयंत्रणा बसली. तिच्यामुळे वीजनिर्मिती न थांबविता सरोवराच्या हव्या त्या थरातील पाणी सोडता येऊ लागले. वसंतात वरचे उबदार पाणी खर्चावे, तळचे गार पाणी उन्हाळ्याच्या अखेरीसाठी राखावे, असा हा जमाखर्च. त्यासाठी सरोवरातील थरांचे व खालच्या पात्रातील पाण्याचे तापमान, तसेच प्रवाहाचे मान यांची नोंद ठेवावी लागते.

दुष्काळात हा हिशेब चुकला. २०१४ साली गार पाणी वेळेआधी संपले आणि दर शंभर अंड्यांमागे सुमारे पाचच पिल्ले जगली. २०१५ साली सरोवराचे तापमान मोजणारे उपकरणच सदोष निघाले; पाणी नोंदीपेक्षा उबदार होते. योजना नव्याने आखावी लागली, तरी त्याही वर्षी विणीचा जवळजवळ नाश झाला. आमच्या कचेरीत एखादी नोंद चुकली तर खुलासा मागविला जातो, फाइल परत येते. तेथे चुकीच्या नोंदीस खुलासा देऊन भागत नाही.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने आणखी एक गोष्ट उघड केली. प्रयोगशाळेत अंडी जेवढी उष्णता सोसतात, त्याहून सुमारे ३ अंश सेल्सिअसने कमी उष्णता ती नदीत सोसतात. पाणी तापले की अंड्याची प्राणवायूची गरज वाढते, आणि गोट्यांमधून वाहणारे पाणी प्रयोगशाळेतल्यापेक्षा संथ असते. तापमान आणि प्रवाह हे दोन निराळे रकाने नव्हेत. आकडा बरोबर असूनही त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकू शकतो, हे आम्हां नोंद ठेवणाऱ्यांस नम्र करणारे सत्य आहे.

२०२२ सालच्या जुलैत या वंशाची सुमारे २०,००० अंडी मॅक्लाउडच्या थंड पाण्यात नेऊन ठेवण्यात आली. ऐंशीएक वर्षांनंतर मासा माहेरी परतला, आणि त्या कामात विन्नेमेम लोक सहभागी होते. नदीची जागा नोंदवही घेऊ शकत नाही, हे त्यांस प्रथमपासूनच ठाऊक असावे. परंतु परतावयास मासा उरला, यात रोज पारा वाचून प्रामाणिकपणे आकडा लिहिणाऱ्या अनामिक हातांचाही वाटा आहे. उद्या सकाळी यमुनेचा आकडा वाचताना आम्हांस त्या हातांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही.