अनामत रकमेवरील कायदेशीर मर्यादा : मुंबईतील भाडे नियंत्रणाचा ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक :
भाड्याने घर घेताना द्यावी लागणारी अनामत रक्कम ही आज करारातील सर्वसामान्य बाब मानली जाते. तथापि, मुंबईत सुमारे अर्धशतक अशी रक्कम घेणे हा दंडनीय अपराध होता. बंदीकडून पूर्ण मुभेकडे झालेल्या या प्रवासात रकमेवर मर्यादा घालण्याचा मध्यम मार्ग का दुर्लक्षित राहिला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बंदी आणि पागडी :
पहिल्या महायुद्धातील घरटंचाईमुळे १९१८ मध्ये मुंबईत भाडे नियंत्रणास प्रारंभ झाला. पुढे १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण अधिनियमाने सर्वसाधारणपणे १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हेच 'प्रमाण भाडे' ठरविले. कलम १८ अन्वये प्रमाण भाड्याव्यतिरिक्त पागडी, अनामत वा तत्सम रक्कम घेणाऱ्या घरमालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास व घेतलेल्या रकमेहून कमी नसलेला दंड अशी शिक्षा होती. जागा सोडण्यासाठी भाडेकरूने पैसे घेणेही कलम १९ ने निषिद्ध केले.

हेतू स्तुत्य होता; परंतु भाडे गोठले आणि महागाई वाढतच राहिली. प्रमाण भाडे व बाजारभाव यांतील तफावत पागडीच्या रूपाने, पावतीविना वसूल होऊ लागली. परिणामी, ज्याच्याजवळ एकरकमी रोख पैसा होता त्यालाच खोली मिळे. केवळ मासिक वेतनावर जगणारा, ज्याच्यासाठी हा कायदा केला होता, तोच दाराबाहेर राहिला.

भाडेकरूचे हक्क निर्माण होऊ नयेत म्हणून घरमालक 'लिव्ह अँड लायसन्स' पद्धतीकडे वळले. १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी वैध परवान्यावर राहणाऱ्यांना भाडेकरूचा दर्जा दिला.

बंदीकडून मुभेकडे :
सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात (१९९७) गोठविलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे मत नोंदविले. त्यानंतर ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला. त्याने राज्यातील निरनिराळ्या विभागांचे भाडे कायदे एकत्रित केले आणि भाड्यात वार्षिक ४ टक्के वाढीस मान्यता दिली. कलम ५६ ने तर पागडी व अनामत घेणे कायदेशीर ठरविले. मात्र कमाल रक्कम ठरविली नाही. मुद्रांक शुल्क आकारताना परताव्याच्या अनामतीवर १० टक्के व्याज गृहीत धरले जाते. म्हणजेच अनामत हा भाड्याचाच एक भाग आहे, हे शासन महसुलापुरते मान्य करते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी संमत केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात निवासी जागेसाठी दोन, तर अनिवासी जागेसाठी सहा महिन्यांच्या भाड्याइतकी कमाल अनामत सुचविली आहे. हा विषय राज्यांच्या अखत्यारीतील असल्याने राज्याने स्वीकारल्याखेरीज ही मर्यादा बंधनकारक होत नाही.

निष्कर्ष :
१९४७ ची बंदी अयशस्वी झाली याचा अर्थ मर्यादाच निरर्थक आहे, असा काढणे योग्य नव्हे. बंदी फसली ती भाडे गोठल्यामुळे. भाडे वाजवी प्रमाणात वाढू शकत असेल, तर अनामतीवरील मर्यादा टिकू शकते. महाराष्ट्राने बंदी अनुभवली, मुभाही अनुभवली. मर्यादेचा प्रयोग अद्याप व्हावयाचा आहे. तोपर्यंत घर मिळणे हे भाडेकरूच्या मासिक ऐपतीपेक्षा त्याच्या साठविलेल्या पुंजीवरच अवलंबून राहील.