दारू किती, शिसे किती? : एका आकड्याची साधनचिकित्सा

‘फुसका बार’ हा शब्दप्रयोग आपण पुढाऱ्यांच्या भाषणांपासून दिवाळीतल्या सादळलेल्या लवंगीपर्यंत कशालाही लावतो. ‘लग्नाचा बार उडाला’ असेही म्हणतो. यातला ‘बार’ मुळात बंदुकीचा. नळीत एका वेळी भरायची दारू म्हणजे बार, आणि ती पेटल्यावर होणारा आवाजही बारच. दारू कमी पडली, ओली निघाली किंवा नीट ठासली गेली नाही, तर बार फुसका. जास्त झाली तर काय होते, यासाठी मात्र भाषेने असा गमतीचा शब्द ठेवलेला नाही. ज्याची नळी फाटली, त्याचे बोट किंवा डोळा गेला.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात तोंडाकडून दारू भरायच्या बंदुकीला आजही ‘भरमार’ म्हणतात. पोलिसांच्या जप्तीच्या बातम्यांतून हा शब्द वाचकांच्या परिचयाचा आहे. इतरत्र तिला ‘ठासणीची बंदूक’ म्हणतात. दोन्ही नावे भरण्याच्या कृतीवरून पडली, कारण या हत्यारात नेमबाजीइतकेच भरणे हेही कसब होते. आधी दारू, तिच्यावर चिंधीचा किंवा काथ्याचा बोळा, मग शिशाची गोळी, मग गजाने ठासणे. तोड्याच्या बंदुकीत कानाशी रंजक घालायची, पुढे टोपीची बंदूक आल्यावर टोपी बसवायची. या साऱ्यात एकच प्रश्न जीवनमरणाचा होता : इतक्या शिशाला दारू किती?

परदेशांत पिस्तुलाची नेमबाजी करणारे अनेक हौशी लोक वापरलेली काडतुसे पुन्हा भरतात, आणि शिशाच्या गोळीसाठी दारूचे खात्रीचे प्रमाण कुठे मिळेल, हा त्यांच्यापुढचा नेहमीचा पेच असतो. आपल्याकडे परवान्याशिवाय तसे करता येत नाही. त्यामुळे आपल्यासाठी हा प्रश्न कृतीचा नसून इतिहासाचा आहे. असा आकडा येतो कुठून, तो खरा कशावरून, आणि त्याची जबाबदारी कोणाची?

वजनाची भाषा

बंदुकीचे माप सांगण्याची जुनी रीतच शिशावर उभी आहे. एका पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची बंदूक. पौंडाचे ग्रेन सात हजार, म्हणजे ही गोळी सुमारे ५८३ ग्रेनची. १८३३ साली कंपनी सरकारने तोळा १८० ग्रेनचा ठरवला. त्या हिशेबाने बारा बोअरची गोळी जवळपास सव्वातीन तोळ्यांची होते. गोळीचे वजन असे नळीच्या नावातच गुंफलेले होते, त्यामुळे तिथे चुकायला फारसा वाव नव्हता.

दारूचे तसे नव्हते. इंग्रज ती ड्रॅममध्ये मोजत. व्यापारी वजनातला ड्रॅम म्हणजे सोळावा हिस्सा औंस, सुमारे २७.३ ग्रेन. औषधविक्रेत्याच्या तराजूवरचा ड्रॅम मात्र ६० ग्रेनचा. नाव एकच आणि वजन दुपटीहून अधिक. पुढे ग्रॅमचे माप आले आणि ‘ग्रेन’ व ‘ग्रॅम’ ही सारख्या उच्चाराची जोडी तयार झाली. एका ग्रॅममध्ये १५.४३ ग्रेन बसतात. जुना तक्ता उतरवताना लेखनिकाच्या हातून एक अक्षर बदलले, तर केवढा अनर्थ होईल हे वेगळे सांगायला नको.

अंदाजाकडून मापाकडे

गोळीचा वेग मोजण्याची पहिली भरवशाची युक्ती बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ च्या आपल्या ग्रंथात मांडली. जड लाकडी ठोकळा लंबकासारखा टांगायचा, त्यावर गोळी झाडायची आणि ठोकळा किती झुलला त्यावरून वेग काढायचा. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता म्हणून हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला. तोफ-बंदुकीच्या विद्येला गणिताचा पाया देणारा माणूस आपल्याच भूमीत मातीआड झाला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या स्मरणात नाही.

वेग कळला तरी नळीच्या आत दाब किती झाला हे त्यातून कळत नव्हते. ती सोय १८६० च्या दशकात अँड्र्यू नोबल याने केली. नळीला जोडलेल्या दट्ट्याखाली तांब्याचा छोटा दंडगोल ठेवायचा आणि बार झाल्यावर तो किती चेपला ते पाहायचे. यानंतर ‘इतकी दारू चालते’ या अनुभवाच्या वाक्याला ‘इतक्या दारूने इतका दाब होतो’ या मोजमापाची जोड मिळाली. खरा भरवशाचा आकडा इथून सुरू होतो.

मध्य प्रांतातले शिकारी मात्र अजून अनुभवावरच चालत होते. त्यांच्यातला अभ्यासू माणूस म्हणजे कॅप्टन जेम्स फॉरसाइथ. सातपुड्याच्या अरण्यांवरचे त्याचे १८७१ चे पुस्तक अनेकांना ठाऊक आहे. त्याआधी १८६३ साली त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. मोठ्या बोअरची नळी, तिला अगदी संथ पीळ, शिशाची गोल गोळी आणि दारूचा भारी बार, असे त्याचे मत होते. गोळी सरळ रेषेत जास्त लांब जावी आणि झाडीत अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम चुकू नये, हे त्यामागचे कारण. तो भारी बाराचा सल्ला देऊ शकला, कारण काळी दारू स्वभावाने थोडी क्षमाशील होती. चांगल्या नळीत ती थोडी जास्त झाली तर धक्का आणि धूर वाढे, पण नळी सहसा तग धरी.

कागदातली हमी

बार भरण्याचे काम शिपायाच्या अंदाजावर सोडणे कोणत्याही फौजेला परवडणारे नव्हते. म्हणून दारू आणि गोळी आधीच मोजून कागदाच्या पुडीत बांधू लागले. तेच काडतूस. १८५३ च्या एनफिल्ड बंदुकीच्या काडतुसात अडीच ड्रॅम, म्हणजे सुमारे ६८ ग्रेन दारू आणि ५३० ग्रेनची शिशाची गोळी असे. शिपायाने पुडी दातांनी फाडायची आणि नळीत रिकामी करायची. प्रमाण चोख होते, पण कागदाला लावलेल्या चरबीवरचा विश्वास उडाला आणि १८५७ चा वणवा पेटला. १८५८ मध्ये त्याची धग आपल्या चांदा जिल्ह्यातही पोहोचली. मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके यांना त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले. चांद्याच्या उठावाची कारणे स्थानिक आणि वेगळी होती, पण ज्या मोठ्या उलथापालथीत तो घडला तिची ठिणगी एका मोजलेल्या पुडीतली होती.

बल्लारपूरकरांना यात आणखी एक धागा सापडेल. आमचे गाव वर्धा नदीकाठच्या गोंड राजांच्या किल्ल्यासाठी आणि कागदाच्या गिरणीसाठी ओळखले जाते. चित्रकलेच्या तासाला मुले जो जाड ‘कार्ट्रिज पेपर’ वापरतात, त्याचे नाव याच पुड्यांवरून पडले. काडतुसे वळायला लागणारा तो चिवट कागद पुढे चित्रकारांनी आपलासा केला.

मागून दारू भरायच्या बंदुका आल्यावर कागदाची जागा पितळेने घेतली. १८६९ साली पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला. मार्टिनी-हेन्री रायफलच्या काडतुसात ८५ ग्रेन काळी दारू आणि ४८० ग्रेनची गोळी असे. त्या गोळीत बारा भाग शिशाला एक भाग कथील मिसळलेले असे. म्हणजे आता दारूइतकाच शिशाचा कसही ठरवला जात होता. आकडा शिपायाच्या हातातून सुटला आणि कारखान्याच्या तपासनिसाकडे गेला.

धूर गेला, सवलतही गेली

१८८४ साली फ्रान्समध्ये पोल व्हिएल याने बिनधुराची दारू तयार केली, आणि काही वर्षांतच इंग्रजांनी कॉर्डाइट आणले. या दारूचा गुणधर्म काळ्या दारूहून मुळातच निराळा. दाब वाढला की ती अधिक वेगाने जळते, अधिक वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. त्यामुळे दारूत थोडीशी वाढ केली तरी दाबात मोठी उडी पडते. जुने शिकारी ड्रॅमच्या मापट्याने दारू घेत. तेच मापटे नव्या दाट दारूने भरल्यामुळे कितीतरी बंदुका फुटल्या. कंपन्या नव्या काडतुसांवर जुन्या दारूच्या तोडीचा ड्रॅम छापत राहिल्या, पण तो आकडा आतल्या दारूचे वजन सांगत नव्हता.

पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत धोका अधिक. त्यांची कितीतरी काडतुसे, उदाहरणार्थ १८७३ चे पॉइंट ४५ कोल्ट, काळ्या दारूच्या जमान्यात आखलेली आहेत. त्यांची पितळी कोठी मोठी, आणि नवी दारू तिच्या तळाशी थोडीशीच लागते. चुकून दोनदा पडली तरी वरून कळत नाही. ठासणीच्या बंदुकीत दुप्पट बार झाला तर बाहेर राहिलेल्या गजाची लांबी ते सांगे. इथे सांगणारे कोणी नाही.

शिशाचा स्वभावही लक्षात घ्यावा लागतो. शुद्ध शिसे मऊ, कथील आणि अँटिमनीने ते कडक होते. मऊ गोळी फार वेगाने हाकली तर नळीच्या खाचांत शिशाचा थर बसतो. गोळी नळीपेक्षा किंचित बारीक निघाली तर तापलेला वायू तिच्या कडेने निसटून तिला वितळवतो. तांब्याचे कवच असलेली गोळी नळीत जास्त अडते, शिशाची कमी. म्हणून दोन्हींचे वजन सारखे असले तरी एकीचा तक्ता दुसरीला लागू पडत नाही. गोळी कोठीत थोडी खोल बसली तरी आतली जागा कमी होऊन दाब चढतो.

बखर आणि अस्सल कागद

इतिहासाचार्य राजवाड्यांनी आपल्याला एक सवय लावली. बखरीतल्या मजकुरावर विसंबू नका, अस्सल कागद पाहा. दारूच्या आकड्यालाही हीच कसोटी लावावी लागते. छापलेले तक्ते दोन जातींचे असतात. एका जातीचे तक्ते प्रयोगशाळेत दाब मोजून तयार होतात. त्यांत गोळीचा आकार आणि मिश्रण, ती किती खोल बसवली, कोठी आणि टोपी कोणाची, नळी किती लांब, दारू नेमकी कोणती, हे सारे नोंदलेले असते. हे अस्सल कागद. दुसऱ्या जातीचे तक्ते एकाने दुसऱ्याचे उतरवलेले किंवा ‘माझ्या बंदुकीत चालले’ या साक्षीवर उभे असतात. या बखरी. एकच चूक पाच ठिकाणी उतरली म्हणून पाच पुरावे होत नाहीत, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही.

अमेरिकेत शिशाच्या गोळीचे साचे विकणाऱ्या ‘आयडियल’ कंपनीच्या हस्तपुस्तिका आणि पुढे तिचा वारसा चालवणाऱ्या ‘लायमन’ची पुस्तके प्रसिद्ध आहेत. तिथेही जाणकार जुन्या आवृत्तीतला आकडा नव्या आवृत्तीशी ताडून पाहतात, कारण नाव तेच राहून दारूची घडण बदललेली असू शकते आणि मोजण्याची साधने सुधारलेली असतात. तांब्याच्या दंडगोलाला न दिसलेला दाबाचा क्षणिक कळस विद्युत साधनांना दिसला.

आपल्याकडे १८७८ च्या आणि नंतर १९५९ च्या शस्त्र कायद्याने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. १९५९ च्या कायद्यात काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेही दारूगोळ्यातच मोजली आहेत, आणि विनापरवाना बनवणे हा गुन्हा आहे. रिव्हॉल्व्हरचा परवानाधारक खडकीच्या ‘केएफ’ शिक्क्याचे पॉइंट ३२ चे शिशाचे काडतूस विकत घेतो. आत दारू किती, हे त्याला ठाऊक नसते आणि लागतही नाही. त्या शिक्क्यामागे दाब मोजणारी माणसे असतात. त्याच कायद्याने पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची वाट मात्र मोकळी ठेवली. म्हणजे एका टोकाला आकडा पूर्णपणे कारखान्याकडे आणि दुसऱ्या टोकाला अजूनही शेतकऱ्याच्या हाताकडे.

गडचिरोलीच्या खेड्यातला म्हातारा भरमार भरताना तळहातावर दारूचा ढीग करून पाहत असेल, तर त्याला अडाणी म्हणण्याचे कारण नाही. त्याचे माप काळ्या दारूसाठी, एका ओळखीच्या बंदुकीसाठी, बापाकडून मुलाकडे आलेले असते. ते त्या चौकटीपुरते खरे असते. दारू बदलली, नळी बदलली, गोळी बदलली की तेच माप घात करते. तक्त्यातल्या छापील आकड्याचेही तसेच आहे. तो कोणी मोजला, कशाने मोजला आणि कोणत्या दारू-गोळीसाठी मोजला, हे ज्याच्याबरोबर लिहिलेले नाही, तो कितीही सुबक छापलेला असला तरी त्यावर बोटे आणि डोळे पणाला लावू नयेत.