‘पब्लिक’ म्हणजे कोणासाठी?

गोंदिया जंक्शनवर मुंबई-हावडा मुख्य मार्गाला बालाघाटकडे आणि बल्लारशाकडे जाणारे फाटे फुटतात. प्रवाशाचा संबंध येतो तिकिटाच्या नाही तर चौकशीच्या खिडकीशी. रुळांचे सांधे बदलण्याचे काम कितीतरी जोखमीचे, पण ते सांगण्याची खिडकी फलाटावर नाही. ती सूचना रेल्वेच्या माणसांकडून आतल्या आत जाते. वेबसाइट चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्येही अशी दोन तऱ्हांची कामे असतात. कोणते बाहेरच्याने सांगायचे आणि कोणते फक्त आतल्याने, हे प्रोग्रॅमला कसे कळावे?

नॉर्वेतील ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार यांच्या सिम्युला ६७ या भाषेने माहिती आणि तिच्यावरच्या क्रिया एकत्र बांधल्या. या गाठोड्याला ‘क्लास’ म्हणतात, आणि त्यातल्या प्रत्येक क्रियेला आज ‘मेथड’. गाठोड्यातले काही झाकून ठेवण्याची सोय मात्र सुरुवातीला नव्हती. १९७२ साली डेव्हिड पार्नास यांनी मांडले, की प्रोग्रॅमच्या प्रत्येक भागाने पुढे बदलू शकेल असा एखादा निर्णय आपल्यापाशी झाकून ठेवावा. म्हणजे तो बदलला तरी इतर भागांना धक्का लागत नाही. पुढे सी++ सारख्या भाषांमुळे ‘पब्लिक’ आणि ‘प्रायव्हेट’ हे शब्द रूढ झाले. हे कुंपण होते प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या आपसातले. चोराचा विचार त्यात फारसा नव्हता.

‘कंट्रोलर’ हा शब्द १९७९ सालचा. ट्रिग्व्हे रीन्सकाउग यांनी झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात तो वापरला, तेव्हा कंट्रोलरचे काम कळफलक आणि माउसकडून आलेली सूचना घेण्याचे होते. वेबच्या काळात त्याच्याकडे दूरच्या ब्राउझरकडून आलेली मागणी येऊ लागली. २००४ मध्ये आलेल्या ‘रेल्स’ने तर पत्त्यातल्या शब्दावरून थेट मेथड शोधण्याची सोय केली. पत्त्यात ‘निकाल’ आणि ‘दाखव’ असे शब्द असले, की निकालाच्या कंट्रोलरमधली ‘दाखव’ ही मेथड चालणार. मेहनत वाचली खरी. पण कंट्रोलरमधली प्रत्येक पब्लिक मेथड आता रस्त्यावर उघडणारे दार झाली.

समजा, शाळेच्या साइटवर ‘दाखव’च्या शेजारी ‘गुणबदल’ ही आतल्या कामाची मेथड आहे आणि तिला प्रायव्हेट म्हणायचे राहून गेले. पत्ता अंदाजाने टाइप करणारा विद्यार्थी तिथे पोहोचू शकतो. म्हणूनच रेल्सच्या २०१० च्या तिसऱ्या आवृत्तीत हा सरसकट नियम बंद ठेवून त्याच्या वरच्या ओळीत धोक्याची सूचना छापलेली असे. पीएचपी ४ मध्ये तर प्रायव्हेट हा शब्दच नव्हता. तो २००४ च्या पीएचपी ५ ने आणला. दोन्हींवर चालणाऱ्या कोडइग्नायटरने युक्ती केली: मेथडच्या नावाआधी अधोरेषा असेल, तर ती पत्त्यावरून मिळणार नाही.

खरी पंचाईत पुढेच आहे. एका मेथडला त्याच कंट्रोलरमधली दुसरी हवी असली आणि तिने ती थेट बोलावली, तर दारावरची तपासणी होत नाही. फाटकावरचा तिकीट तपासनीस यार्डाच्या बाजूने आत आलेल्याला कसा पाहणार? केकपीएचपीने आतूनच नवी मागणी पाठवण्याची सोय दिली होती. तिच्यात तपासणी होई, पण सगळी फेरी पुन्हा मारावी लागे. मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये तिसरा मार्ग काढला: मेथड पब्लिकच ठेवायची, पण तिच्यावर अशी खूण करायची की बाहेरून पत्ता टाइप केला तर नकार मिळावा. ‘पब्लिक’ या एका शब्दावर दोन कामांचा भार पडला आहे, ही कबुली आम्हाला या खुणेत दिसते. २०१६ च्या एएसपी डॉट नेट कोअरमध्ये तीही राहिली नाही. अशी कामे कंट्रोलरच्या बाहेर वेगळ्या क्लासमध्ये गेली.

जावातील स्ट्रट्स २ मध्ये पत्त्यात उद्गारचिन्ह देऊन पुढे मेथडचे नाव लिहिता येई. २०१३ मध्ये सुरक्षेच्या कारणाने ही सोय मुळातच बंद करून देण्यात आली. २०१६ च्या २.५ आवृत्तीपासून ती कोणी चालू केली, तरी परवानगीच्या यादीत नसलेली मेथड पब्लिक असूनही नाकारली जाते.