ग्रिड संगणन, वेब सेवा आणि माहितीची देवाणघेवाण

ग्रिड संगणन : वेगवेगळ्या संस्थांच्या मालकीचे, वेगवेगळ्या गावांत असलेले संगणक, साठवण आणि शास्त्रीय उपकरणे वेगवान जाळ्याने जोडून सामाईक कामासाठी वापरण्याची पद्धत. वेब सेवा : एका संगणकावरील प्रणालीने दुसऱ्या संगणकावरील प्रणालीकडे इंटरनेटवरून ठरलेल्या स्वरूपात मागणी करावी आणि ठरलेल्या स्वरूपातच उत्तर मिळावे अशी सोय. पडद्यावर माणसाने वाचायचे पान आणि यंत्राने यंत्राला विचारायची सेवा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली असली म्हणजे दुसरी असतेच असे नाही. दोन्ही कल्पना १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आकाराला आल्या आणि दोहोंची ओळख सहसा यंत्रांच्या ताकदीवरून करून दिली जाते : इतके संगणक, इतका वेग, इतकी साठवण. प्रत्यक्षात स्वतंत्र संस्थांमधली देवाणघेवाण यशस्वी होते की फसते हे त्यांच्यात नावे, मापे आणि परवानग्या यांबद्दल आधी किती करार झाला आहे यावर ठरते. पुणे-मुंबईच्या प्रयोगशाळांतला अनुभव हेच सांगतो आणि परंडा तालुक्यातल्या सोनारी गावाच्या सातबाऱ्यालाही तेच लागू पडते.

ग्रिडची पहिली मोठी चाचणी १९९५ साली अमेरिकेतील सॅन दिएगो येथील महासंगणन परिषदेत झाली. ‘आय-वे’ या प्रयोगात उत्तर अमेरिकेतील सतरा केंद्रे जोडली गेली. त्यातून इयन फॉस्टर, कार्ल केसलमन आणि स्टीव्ह टुके यांनी ‘ग्लोबस’ हा आज्ञावली-संच उभा केला. फॉस्टर आणि केसलमन यांनी संपादित केलेल्या १९९८ च्या ग्रंथाने या क्षेत्राला चौकट दिली. विजेच्या जाळ्याची उपमा तेव्हापासून रूढ झाली : बटण दाबले की वीज मिळते, ती कोणत्या केंद्रातून आली हे विचारावे लागत नाही, तसेच संगणनाचे व्हावे. उपमा आकर्षक होती, पण तिने दिशाभूलही पुष्कळ केली. कोयनेची वीज आणि चंद्रपूरची वीज तारेत शिरल्यावर एकच होते. दोन संस्थांची माहिती मात्र तशी मिसळत नाही. ती कोणी, कधी, कोणत्या मापात आणि कोणत्या हेतूने गोळा केली हे सोबत आले नाही तर तिचा उपयोग होत नाही, कधी कधी अपायच होतो. फॉस्टर यांनी २००२ मध्ये ग्रिड ओळखण्याच्या ज्या तीन कसोट्या दिल्या त्यांत पहिलीच अशी आहे की साधनांवर एका मध्यवर्ती सत्तेचे नियंत्रण नसावे. एकदा हे मान्य केले की करार हाच गाभ्याचा विषय होतो.

भारतात हे काम पुण्यात रुजले. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला होता. त्याच संस्थेने २००४ च्या सुमारास ‘गरुडा’ हा राष्ट्रीय संगणन ग्रिड हाती घेतला. पहिल्या टप्प्यात सतरा शहरांतील पंचेचाळीस संशोधन व शिक्षण संस्था जोडण्यात आल्या. यंत्रे जोडणे हा त्यातला तुलनेने सोपा भाग होता. पुण्यातल्या संशोधकाचे काम दुसऱ्या शहरातल्या संस्थेच्या संगणकावर चालायचे, तर त्या संस्थेने या अनोळखी माणसावर विश्वास का ठेवावा, हा खरा प्रश्न होता. त्यासाठी सी-डॅकने प्रमाणपत्रे देणारे भारतीय प्राधिकरण उभे केले आणि त्याला आशिया-प्रशांत प्रदेशातील समकक्ष संस्थांची मान्यता मिळवली. संशोधक आपल्या प्रमाणपत्रावरून एक अल्पजीवी मुखत्यारपत्र तयार करतो. ग्लोबसमध्ये त्याची नेहमीची मुदत बारा तास असते. तेवढ्या वेळात त्याचे काम एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाऊ शकते, आणि प्रत्येक ठिकाणी पुन्हा पासवर्ड मागितला जात नाही. मुदत संपली की अधिकार संपला. महासंगणकांच्या वेगाच्या बातम्यांत या व्यवस्थेचा उल्लेखही येत नाही, पण तिच्यावाचून ग्रिड म्हणजे नुसत्या तारा.

ग्रिडचे सर्वांत यशस्वी उदाहरण सर्न प्रयोगशाळेतील लार्ज हॅड्रॉन कोलायडरचे आहे. चाळीसहून अधिक देशांतील सुमारे १७० केंद्रे त्याच्या जागतिक ग्रिडमध्ये आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीएमएस प्रयोगासाठी आणि कोलकात्यात ॲलिस प्रयोगासाठी दुसऱ्या स्तराची केंद्रे चालतात. ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज बोसॉनसदृश कणाचा शोध जाहीर झाला त्यामागे या विखुरलेल्या गणनेचा मोठा वाटा होता. हे का साधले? एक कारण भौतिकीचे आहे : प्रत्येक टक्कर स्वतंत्र असल्यामुळे काम सहज वाटून देता येते. दुसरे कारण संघटनेचे आहे. सहभागी देशांनी लेखी सामंजस्य करार करून प्रत्येक केंद्र किती साठवण आणि किती गणनशक्ती देणार हे ठरवले, फाइलींची नावे व स्वरूपे एक केली, आणि कोणाची ओळख कोण पटवणार हेही नक्की केले.

ग्रिड सगळीकडे चालत नाही हेही येथेच नोंदवले पाहिजे. हवामानाच्या गणितात वातावरणाचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनाला शेजारच्या चौकोनातली ताजी स्थिती क्षणोक्षणी लागते, म्हणून ते दूरदूरच्या संगणकांवर विभागता येत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत त्यासाठी २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’ आणि २०२४ मध्ये ‘अर्क’ हे एकसंध महासंगणक बसवावे लागले. ग्रिडच्या विरोधात हा पुरावा नेहमी दिला जातो, आणि गणनेपुरता तो बिनतोड आहे. पण त्या महासंगणकात जी निरीक्षणे शिरतात ती जगभरातून, जागतिक हवामान संघटनेने ठरवलेल्या संकेतांतून आणि तिच्या दूरसंचार जाळ्यातून येतात. १९९५ च्या ठरावाने सदस्य देशांनी मूलभूत निरीक्षणे एकमेकांना विनामूल्य देण्याचे तत्त्व स्वीकारले. परंड्यातल्या ज्वारीच्या पेरणीसाठी जो अंदाज सांगितला जातो त्याचे गणित एका यंत्रावर होते, पण त्या यंत्राला खाद्य पुरवतो तो अनेक देशांचा करार.

वेब सेवा या चित्रात २००० च्या आसपास आल्या. सोप आणि डब्ल्यूएसडीएल ही मानके तेव्हा तयार होत होती : पहिले निरोपाचे पाकीट कसे असावे ते सांगणारे, दुसरे सेवा काय काय करू शकते याचे यंत्राला वाचता येईल असे वर्णन देणारे. २००२ पासून फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी ग्रिडची सगळी रचना वेब सेवांवर बेतायला घेतली. विचार बरोबर होता, अंमलबजावणी जड झाली. चालू कामाची स्थिती लक्षात ठेवण्यासाठी मानकांवर मानके रचली गेली, दोन-तीन वर्षांतच ती बदलली, आणि ग्लोबसच्या एका आवृत्तीसाठी लिहिलेले काम पुढच्या आवृत्तीत चालेना. दरम्यान रॉय फील्डिंग यांनी २००० च्या आपल्या प्रबंधात मांडलेली ‘रेस्ट’ ही साधी शैली लोकांनी उचलली : प्रत्येक गोष्टीला स्वतःचा वेब-पत्ता, आणि त्या पत्त्यावर नेहमीच्याच वेब-क्रिया. साधेपणा जिंकला, आणि तो जिंकला हे चांगले झाले. मात्र त्या विजयातून ‘आता मानकांची गरजच उरली नाही’ असा जो अर्थ काढला गेला तो चुकीचा आहे.

याचे उत्तम उदाहरण खगोलशास्त्रात आहे. जगभरच्या वेधशाळांचे माहितीसाठे जोडणाऱ्या आभासी वेधशाळांची आंतरराष्ट्रीय संघटना २००२ मध्ये स्थापन झाली. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेने पर्सिस्टंट सिस्टिम्स या पुण्याच्याच कंपनीबरोबर ‘व्हीओ-इंडिया’ प्रकल्प चालवला. अजित केंभावी यांचा त्यात पुढाकार होता, आणि त्यातून निघालेले ‘व्हीओप्लॉट’ हे आलेखन-साधन देशोदेशींच्या खगोलशास्त्रज्ञांनी वापरले. या क्षेत्रातली ‘कोन सर्च’ ही सेवा विलक्षण साधी आहे. वेब-पत्त्यापुढे तीन आकडे लिहायचे : विषुवांश, क्रांती आणि शोधाची त्रिज्या. आकाशाच्या तेवढ्या तुकड्यातल्या ज्योतींची सारणी परत येते. पण हे तिन्ही आकडे दशांश अंशांतच हवेत असा नियम आहे. विषुवांश परंपरेने तास-मिनिटांत लिहितात, आणि एक तास म्हणजे पंधरा अंश. कोणी तासांचा आकडा तसाच दिला तर सेवा कुरकुर न करता उत्तर देते, फक्त ते आकाशाच्या भलत्याच भागाचे असते. म्हणून परत येणाऱ्या ‘व्हीओटेबल’ सारणीत प्रत्येक स्तंभाबरोबर त्याचे एकक आणि त्यात नेमकी कोणती राशी आहे याची खूण देण्याची सोय केलेली आहे. पत्ता साधा आणि मजकुराचा अर्थ काटेकोर, अशी ही विभागणी आहे. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीने केलेल्या आकाश-सर्वेक्षणाची माहिती परदेशातल्या संशोधकाला खोडदमधल्या कोणाला न विचारता वापरता येते ती अशाच काटेकोरपणामुळे.

आता हाच काटेकोरपणा सोनारीच्या नोंदींना लावून पाहू. धाराशिव जिल्ह्यातले हे गाव काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळे ओळखले जाते. रायगडच्या उरण तालुक्यातही सोनारी आहे, आसामात चराईदेव जिल्ह्याचे मुख्यालय सोनारी आहे, जमशेदपूरच्या एका भागाचे नावही तेच. तालुक्याचे नाव परंडा आणि परांडा असे दोन्ही प्रकारे लिहिले जाते, आणि जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. म्हणजे जी प्रणाली गाव नावावरून जुळवते ती बदलाच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदींना दोन जिल्ह्यांतली दोन गावे मानू शकते. पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावाला स्वतंत्र सांकेतांक आहे. नाव कितीही वेळा बदलले तरी तो ओळख टिकवू शकतो, फक्त प्रत्येक खात्याने तो आपल्या नोंदीत लिहिलेला असला पाहिजे.

मापांचेही तसेच. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये छापले जाते, बांधावर बोलणे मात्र एकर-गुंठ्यांत चालते. ‘१.२०’ हा आकडा हेक्टर-आरमध्ये एक हेक्टर वीस आर, म्हणजे जवळजवळ तीन एकर. हाच आकडा एकर-गुंठ्यांच्या लेखनात एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर. एकक न सांगता तो एका खात्यातून दुसऱ्यात गेला तर हेक्टरी मदतीची रक्कम दुप्पट किंवा निम्मी होईल, आणि संगणकाला त्यात काहीच वावगे दिसणार नाही. शिवाय जमीन गट क्रमांकाने, पाऊस महसूल मंडळाने, कर्ज खात्याने आणि अनुदान शेतकऱ्याच्या ओळख क्रमांकाने नोंदले जाते. राज्याने २०१८ मध्ये डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा दिला आणि २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला स्वतः पीक नोंदवू दिले. ही पावले मोठी आहेत. या नोंदी एकमेकींशी बोलणे हे त्यापुढचे काम आहे आणि ते अधिक कठीण आहे.

यावर पहिला आक्षेप असा की, एवढ्या करारांपेक्षा सगळी माहिती एका मध्यवर्ती साठ्यात ओतावी. खातेदार वारल्यावर काय होते ते पाहिले की यातली अडचण कळते. तलाठी, म्हणजे आताचा ग्राम महसूल अधिकारी, वारसाचा फेरफार नोंदवतो. मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो. मग सातबारा बदलतो. विमा, बँक आणि अनुदान यांनी आपापल्याकडे प्रती उतरवून घेतल्या असतील तर तिथे मृत खातेदार महिनोन्‌महिने जिवंत राहतो. वेब सेवा असेल तर प्रत ठेवावी लागत नाही. गरज पडेल तेव्हा मूळ नोंदीला विचारता येते आणि दुरुस्ती एकाच ठिकाणी, कायद्याने जबाबदार असलेल्या अधिकाऱ्याकडे होते. दुसरा आक्षेप काळाचा : क्लाउड आल्यावर ग्रिड कालबाह्य झाला. ग्लोबस संचाची मदत-सेवा २०१८ मध्ये थांबली, हे खरे आहे. पण क्लाउड म्हणजे एका मालकाची भाड्याची यंत्रे. पाच मालकांच्या माहितीचा मेळ ती घालत नाहीत. राष्ट्रीय महासंगणन अभियानाने २०१५ मध्ये सत्तरहून अधिक केंद्रांचा ग्रिड राष्ट्रीय ज्ञान जाळ्यावर उभारण्याचेच उद्दिष्ट ठेवले, यावरून कल्पना जिवंत आहे हे दिसते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे : माहिती जितकी सहज वाहील तितकी ती नको त्या हातांत पडेल. आकाशातल्या ज्योतींना खासगीपणा नसतो, शेतकऱ्याच्या कर्जाला असतो. येथे खगोलाचा नमुना अपुरा पडतो आणि ग्रिडमधल्या मुखत्यारपत्राची शिस्त उपयोगी येते : कोणाला, कशासाठी, किती वेळापुरते. बँकेला एका गटाचा बोजा तपासायचा तर तेवढेच उत्तर मिळावे, अख्ख्या गावाची यादी मिळू नये, आणि कोणी काय विचारले याची नोंद खातेदाराला पाहता यावी. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने संमती आणि हेतू यांना कायद्याचे बळ दिले आहे. कागदाच्या काळात ही हमी नव्हतीच. झेरॉक्स कोणाकडे गेली हे कोणालाच कळत नसे.

महाराष्ट्रातल्या प्रत्येक खात्याने नव्या पोर्टलची निविदा काढण्यापूर्वी एक साधा तक्ता प्रसिद्ध करावा : आपल्या नोंदीत गाव कोणत्या सांकेतांकाने लिहिले आहे, क्षेत्र कोणत्या एककात आहे, नोंद कोणत्या तारखेची आहे आणि ती दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाला आहे. यासाठी महासंगणक लागत नाही, आणि हा तक्ता नसेल तर महासंगणकही सोनारीच्या एका गटाचा हिशेब बरोबर लावू शकत नाही.