अल्गोडोनेसच्या वाळूवरील चाके

कॅलिफोर्निया संस्थानाच्या आग्नेय टोकाला, मेक्सिकोच्या सरहद्दीलगत, सुमारे ४५ मैल लांबीचा आणि पाच-सहा मैल रुंदीचा वाळूचा एक पट्टा पसरलेला असून अल्गोडोनेस या नावाने तो ओळखला जातो. त्याच्या पश्चिमेस प्राचीन काळी काहुइया नावाचे विस्तीर्ण सरोवर होते. त्याच्या तीरावरची रेती वाऱ्याने युगानुयुगे पूर्वेकडे लोटली आणि तिचे ठिकठिकाणी ३०० फूट उंचीचे डोंगर रचले, असे भूशास्त्रज्ञ मानतात. आज हिवाळ्यातील सुट्यांच्या दिवसांत रुंद चाकांच्या लहान गाड्या घेऊन लाखावर माणसे या निर्जल मुलखात केवळ विहारासाठी मुक्काम ठोकतात. परंतु शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हीच वाळू टाळण्यासाठी वाटसरू लांबचा वळसा पत्करीत असत. धास्तीचे ठिकाण क्रीडांगण कसे झाले, याचा इतिहास हा मुख्यतः चाकाचा इतिहास आहे.

मोटारगाड्यांचा प्रसार होऊ लागला तेव्हा ॲरिझोनाकडील रहदारी आपल्याकडे वळविण्यासाठी सॅन दिएगो आणि लॉस एंजेलिस या दोन शहरांत मोठी चुरस लागली होती, आणि सॅन दिएगोचा जवळचा मार्ग नेमका या वाळूने अडविला होता. त्या शहरातील एड फ्लेचर नामक उद्योगी गृहस्थाने १९१२ साली फीनिक्सपर्यंतच्या शर्यतीत याच मार्गाने मोटार नेली खरी, पण वाळूच्या टप्प्यात तिला सहा घोडे जुंपावे लागले. यंत्राला जनावरांनी ओढून न्यावे, ही नामुष्की टाळण्यासाठी वाळूच झाकून टाकण्याची तजवीज ठरली. फ्लेचरने वर्गणी जमवून १३,००० फळ्या पाठविल्या, इंपीरियल परगण्याच्या कारभाऱ्यांनी पुढाकार घेतला, आणि १९१५ च्या फेब्रुवारीत आरंभ होऊन एप्रिलमध्ये साडेसहा मैलांचा फळ्यांचा रस्ता रहदारीस खुला झाला.

हा रस्ता म्हणजे आडव्या लाकडांवर खिळ्यांनी ठोकलेल्या, प्रत्येकी २५ इंच रुंदीच्या दोन समांतर पट्ट्या होत्या. डावे चाक एकीवर, उजवे दुसरीवर, आणि चालकाचे चित्त क्षणभर विचलित झाले की गाडी वाळूत. वर्षभरातच तो खिळखिळा झाला, तेव्हा १९१६ साली सरकारी रस्ते खात्याने काम हाती घेऊन १२ फूट लांब आणि ८ फूट रुंद असे लाकडी तुकडे ओगिल्बी येथील आवारात जुळवून घेतले व ते एकापुढे एक मांडले. वाळूने गिळलेला तुकडा उचलून दुसरीकडे बसविता यावा, हा त्यातील हेतू. रस्ता एकेरी असल्याने दर हजार फुटांवर बाजूला सरण्यापुरती जागा ठेवावी लागे, आणि खेचरांच्या साह्याने वाळू उपसण्याचे काम अखंड चालू असे. वारा मात्र कोणत्याही खात्याचा ताबेदार नव्हता. अखेर १९२६ साली २० फूट रुंदीचा डांबरी रस्ता तयार झाला आणि फळ्यांचे राज्य संपले.

वाळूवर आच्छादन घालण्याऐवजी चाकाचा भार विभागावा, हा विचार पुढे दुसऱ्याच एका वाळवंटात परिपक्व झाला. राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश लष्करी इंजिनियराने दोन महायुद्धांच्या दरम्यान ईजिप्त व लिबियाच्या वाळवंटांत साध्या फोर्ड गाड्या नेल्या; टायरांतील हवा कमी केली की टायर पसरतो, भार अधिक क्षेत्रावर वाटला जातो आणि चाक रुतत नाही, हे त्याने व त्याच्या सोबत्यांनी प्रत्यक्ष प्रवासात पडताळून पाहिले. वाऱ्याच्या बाजूचा उतार मंद व दबलेला, तर आडोशाचा उतार सुमारे ३४ अंशांचा, भुसभुशीत आणि केव्हाही ढासळणारा, या वालुकाशास्त्रातील भेदाचे विवेचन त्याच्या १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सापडते. युद्धानंतर अमेरिकेत जुन्या मोटारींचे सांगाडे उघडे करून लोक वाळूत उतरू लागले, आणि १९६४ साली ब्रूस मायर्स याने फोक्सवॅगनच्या यंत्रावर काचतंतूंची हलकी काया चढवून त्या हौसेला सुबक रूप दिले.

तथापि एका माणसाने स्वार व्हावे असे वाहन जपानमधून आले. हिवाळ्यात मोटारसायकलींचा खप मंदावतो, तेव्हा विकता येईल असा काही जिन्नस हवा, ही होंडाच्या अमेरिकी विक्रेत्यांची मागणी होती. तीवर ओसामू ताकेउची या अभियंत्याने फुग्यासारख्या फुगीर, अत्यल्प दाबाच्या टायरांची तीनचाकी गाडी सिद्ध केली आणि ती १९७० मध्ये बाजारात आली. १९८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांतच सुझुकीने चारचाकी नमुना आणला. तीनचाकी गाडी वळणावर सहज कलंडत असे. अपघातांची, विशेषतः मुलांच्या अपघातांची, संख्या इतकी वाढली की १९८८ साली सरकार आणि कारखानदार यांच्यात न्यायालयासमोर करार होऊन तिची विक्री थांबविण्यात आली. त्यानंतर वाळूवर चार चाकांचा अंमल सुरू झाला.

या चारचाकीची पूर्वतयारी हे एक स्वतंत्र शास्त्रच आहे. मागील टायरांवर खडकाळ वाटेसाठीचे दाट दाते नसून वाळू मागे रेटणारी आडवी पाती असतात, तर पुढील टायर बहुधा गुळगुळीत असून दिशा धरण्यासाठी त्याच्या मध्यावर एक उंच कड ठेवलेली असते. यंत्राच्या श्वासमार्गात बारीक रेती शिरली तर दट्ट्या व नळकांडे झिजून जातात. म्हणून हवेची गाळणी धुऊन, तेल लावून, वर कापडी आवरण चढविणे अनिवार्य होय. उलटपक्षी साखळीला अधिक तेल पाजणे घातक ठरते, कारण ओल्या तेलाला वाळू चिकटते आणि साखळी कानशीने घासल्यागत झिजते. टेकडीपलीकडून येणाऱ्याला आपण दिसावे म्हणून गाडीला जमिनीपासून आठ फूट उंचीचे निशाण लावण्याचा नियम तेथे कसोशीने पाळला जातो.

स्वारीचे मर्म मात्र साधनांहून अधिक विवेकात आहे. चढ चढताना वेग मध्येच तोडला तर मागील चाके खड्डा खणून त्यात बसतात. आणि तोच वेग शिखरापर्यंत तसाच राखला तर पलीकडच्या कड्यावरून गाडी अधांतरी फेकली जाते. म्हणून अनुभवी स्वार माथ्याजवळ येताच वेग आवरतो, माथ्याला तिरकस भिडतो, पलीकडचे पाहून घेतो, आणि चढण अपुरी राहणार असे दिसताच गाडी थांबण्यापूर्वी रुंद वळण घेऊन खाली उतरतो. काल पाहिलेली वाट आज तशीच असेल असे गृहीत धरणे हा येथील सर्वांत मोठा अविचार, कारण एका रात्रीच्या वाऱ्याने टेकडीची कड सरकलेली असते.

या विहाराची किंमत वाळूला आणि तिच्या आश्रयाने जगणाऱ्या वनस्पतींना व सरड्यांना द्यावी लागते, याची जाणीव उशिरा झाली. सार्वजनिक जमिनींवरील अशा वाहनांना नियम लावण्याचे फर्मान राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७२ मध्ये काढले. १९९४ च्या कायद्याने ७८ क्रमांकाच्या रस्त्याच्या उत्तरेकडील सुमारे २६,००० एकर प्रदेश यंत्रांना बंद झाला. आणि १९९८ साली या टेकड्यांवरील एका दुर्मिळ शेंगवर्गीय वनस्पतीला संरक्षण मिळाले. प्रथम माणसाने वाळू बदलू पाहिली आणि तो हरला. मग त्याने चाक बदलले आणि तो जिंकला. परंतु जिंकल्यावर कोठे थांबावे हे तंत्र कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही, ते कायद्यानेच शिकवावे लागते. रस्त्याच्या उत्तरेची वाळू आज शाबूत आहे, ती त्या कायद्यामुळेच.