रेडिएटरमधलं गोड पाणी

जुन्या गाडीनं घाट चढताना काय व्हायचं, हे एकदा घरातल्या मोठ्यांना विचारा. खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या चढावर बॉनेट उघडं टाकून उभ्या असलेल्या अँबॅसेडर आणि फियाट त्यांना नक्की आठवतील. रेडिएटरमधून वाफ निघतेय, ड्रायव्हर ओलं फडकं घेऊन झाकणाशी झटतोय, डिकीतून पाण्याचा कॅन बाहेर येतोय. गाडी तापली की थांबायचं आणि पाणी ओतायचं, एवढंच शास्त्र.

आज आपण दुकानात जातो तेव्हा समोर हिरवं, नारिंगी, गुलाबी आणि निळं कूलंट असतं. यातलं कोणतं घ्यायचं? याचं उत्तर रंगात नाही, इतिहासात आहे.

सुरुवात पाण्यापासूनच झाली. उष्णता वाहून नेण्यात पाण्याला तोड नाही, आणि ते फुकट मिळतं. पण बर्फ होताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. युरोप-अमेरिकेच्या हिवाळ्यात रात्रभर बाहेर उभ्या राहिलेल्या गाडीचं बिडाचं इंजिन त्यामुळे चक्क तडकायचं. मग लोकांनी नाना उपाय केले. कुणी रोज रात्री रेडिएटर रिकामा करी. कुणी पाण्यात अल्कोहोल मिसळी, कुणी ग्लिसरीन, कुणी कॅल्शियम क्लोराइडचं मीठ, तर कुणी चक्क मध! मिठानं धातू खाल्ला, ग्लिसरीन थंडीत घट्ट झालं. मिथेनॉल तर ६५ अंशांनाच उकळतं. इंजिन गरम झालं की ते उडून जायचं आणि पुढच्या थंडीच्या लाटेत मालक पुन्हा उघड्यावर.

उत्तर खरं तर खूप आधी सापडलेलं होतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल-अदोल्फ व्युर्त्झ यांनी १८५६ साली इथिलीन ग्लायकॉल तयार केलं, पण कित्येक दशकं त्याला फारसं कामच नव्हतं. पहिल्या महायुद्धात जर्मनीनं ते स्फोटकांसाठी वापरलं, कारण ग्लिसरीनचा तुटवडा होता. १९२७ साली अमेरिकेत ‘प्रेस्टोन’ या नावानं ते गाड्यांसाठी बाजारात आलं. ते १९७ अंशांना उकळतं, म्हणून अल्कोहोलसारखं उडून जात नाही.

गंमत म्हणजे शुद्ध ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपास गोठतं. पण निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल एकत्र केलं, तर मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत टिकतं. दोघं एकमेकांना गोठू देत नाहीत. हा धडा स्पिटफायर विमानाच्या रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनानंही शिकवला. आधी त्यात शुद्ध ग्लायकॉल भरायचे. त्यामुळे इंजिन जास्त तापमानावर चालवता येई आणि छोटा रेडिएटर पुरे. पण ते सांध्यांतून झिरपायचं आणि पेटही घ्यायचं. पुढे ७० टक्के पाणी आणि ३० टक्के ग्लायकॉल, तेही दाबाखाली, अशी व्यवस्था आली. आपल्या गाडीच्या रेडिएटरचं झाकणही दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी १०० अंशांना उकळत नाही. आणि म्हणूनच गरम इंजिनाचं झाकण उघडलं की हात भाजतो.

या शोधाला एक काळी बाजू आहे. ग्लायकॉल चवीला गोड असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात, लहान मुलं पितात. यकृत त्याचं विघटन करतं, त्यातून ऑक्झॅलिक आम्ल बनतं आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडं निकामी करतात. त्याचा भाऊबंद डायइथिलीन ग्लायकॉल तर औषधांतच शिरला. १९३७ साली अमेरिकेत त्यात विरघळवलेल्या औषधानं शंभराहून अधिक जणांचा बळी घेतला आणि पुढच्याच वर्षी तिथे नवा औषध कायदा झाला. १९८६ साली मुंबईत, जे. जे. रुग्णालयात, हेच रसायन मिसळलेल्या ग्लिसरीननं १४ रुग्ण दगावले. त्याची चौकशी लेंटिन आयोगानं केली. गाडीच्या कूलंटमध्ये मुद्दाम कडू द्रव्य घालण्यावर अमेरिकेतल्या उत्पादकांचं देशभरासाठी एकमत व्हायला मात्र २०१२ साल उजाडलं. तुलनेनं कमी विषारी असलेलं प्रोपिलीन ग्लायकॉलही मिळतं, पण ते महाग पडतं.

मग हे रंग कशाचे? बहुतेक बाटल्यांत ग्लायकॉल तेच असतं. फरक असतो गंज रोखणाऱ्या द्रव्यांचा. जुन्या हिरव्या कूलंटमध्ये सिलिकेट आणि फॉस्फेट असत. ती धातूवर झटकन थर चढवतात, पण लवकर संपतात, म्हणून दोन वर्षांत कूलंट बदलावं लागतं. इंजिनांत अॅल्युमिनियम वाढलं तसं वेगळं काहीतरी हवं झालं. युरोपातलं पाणी कठीण, त्यात फॉस्फेटचा खर साचतो. म्हणून तिथल्या कंपन्यांनी फॉस्फेट टाळलं. जपान्यांना वाटलं, सिलिकेटनं वॉटर पंपाचं सील झिजतं; त्यांनी सिलिकेट टाळून फॉस्फेट ठेवलं. १९९०च्या दशकात सेंद्रिय आम्लांवर चालणारं कूलंट आलं. ते गंज सुरू होतो नेमकं तिथेच काम करतं, म्हणून पाच-पाच वर्षं टिकतं. पण जनरल मोटर्सचं नारिंगी ‘डेक्स-कूल’ वापरणाऱ्या अनेक मालकांनी गाळ साचल्याच्या आणि गॅस्केट खराब झाल्याच्या तक्रारी केल्या, आणि प्रकरण कोर्टात जाऊन तडजोडीवर मिटलं. आज अनेक कंपन्या दोन्ही पद्धतींचा संकर वापरतात.

रंग ही फक्त ओळखीची खूण, आणि तीही कंपनीगणिक बदलते. दोन गुलाबी बाटल्यांत वेगवेगळी द्रव्यं असू शकतात, आणि न जुळणारी द्रव्यं एकत्र आली तर गाळ होतो किंवा गंजरोधक लवकर संपतं.

“आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?” असं कुणी म्हणेल. लेहला हिवाळ्यात जाणाऱ्यांना ते विचारू नका. पण पुण्या-नागपुरातही गंज, बोअरच्या पाण्याचा खर आणि मे महिन्यातलं उकळणं आहेच. तेव्हा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला प्रकार बघा, मिसळायचंच असेल तर डिस्टिल्ड वॉटर घ्या. आणि जुनं कूलंट बदललंत, की ते गटारात किंवा उघड्या घमेल्यात ठेवू नका. गल्लीतल्या कुत्र्याला त्याचा रंग कळत नाही. त्याला फक्त गोडी कळते.